नाऱ्याला आधी बोलू द्या

आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीचं मिनिट्सचं रजिस्टर उघडा, पानापानावर एकच वाक्य भेटतं, 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला'. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. टाकी साफ करायचा ठराव सर्वानुमते, वॉचमनची एजन्सी बदलायचा सर्वानुमते, पार्किंगला पट्टे मारायचा सर्वानुमते. आणि तीन महिन्यांनी जिन्यात जो भेटतो तो सांगतो, अहो मला तर तेव्हाच पटलं नव्हतं. मग पटलं होतं ते नक्की कुणाला?

हे फक्त सोसायटीचं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण ऑफिस, पालक सभा, गणपती मंडळ, लग्नाचा हॉल ठरवायला जमलेले दोन्हीकडचे काका-मामा, सगळीकडे तोच प्रकार. चार शहाणी माणसं एकेकटी भेटली तर अगदी मुद्द्याचं बोलतात आणि तीच एका सतरंजीवर बसली की काहीतरी भलतंच ठरवून उठतात. यावर जगात पुष्कळ डोकी खपलीयत, पद्धती निघाल्यात, त्यांची ट्रेनिंग्ज होतात, रंगीत कार्डांचे सेट विकले जातात. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे त्यातल्या बऱ्याचशा ऑफिसात भोगल्यात, काही हौसेने वापरल्यात, आणि माझं मत आता असं झालंय की त्यातल्या ज्या चालतात त्या सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट आहे. आधी कोण बोलतं ते बदला. बाकी सगळं पॅकिंग.

आमचंच सांगते. डोंबिवली पूर्वेला आमची बिल्डिंग, १९८६ सालची, तळमजला अधिक तीन, चोवीस फ्लॅट, लिफ्ट नाही, जिन्याच्या स्लॅबमधून लोखंड बाहेर डोकावतंय. रिडेव्हलपमेंटचा विषय निघून बरीच वर्षं झाली होती, शेवटी पीएमसी म्हणजे प्रकल्पाचा सल्लागार नेमला, त्याने रिपोर्ट दिला, तीन बिल्डरच्या ऑफर आल्या. एक कार्पेट एरिया भरपूर देणारा, एक कॉर्पसचा म्हणजे सभासदांना द्यायच्या रोख रकमेचा आकडा फुगवलेला, आणि एक दोन्ही बाबतीत मध्यम पण बँक गॅरंटीचं स्वतःहून बोलणारा. अध्यक्ष म्हणजे आमचे सर, शाळेत गणित शिकवायचे, निम्म्या बिल्डिंगीच्या पोरांनी त्यांच्याकडे वर्गमूळ काढलंय. ऑफर्सवर नुसती चर्चा करायला म्हणून बोलावलेल्या मीटिंगमध्ये सर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी तिन्ही फायली वाचल्या. मला तरी हा पहिला बरा वाटतो. आता तुम्ही बोला."

आता तुम्ही बोला! काय बोलणार? दुसऱ्या मजल्यावरचे वैनी-भाऊजी आदल्या रात्री आमच्याकडे बसून पहिल्या बिल्डरचे तीनतेरा सांगत होते, त्याचा कुठलासा प्रोजेक्ट कसा रखडलाय वगैरे, ते दोघं माना डोलवत होते. तळमजल्याच्या काकूंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि "नाही, तेच आपलं" म्हणून मिटलं. पाऊण तासाची मीटिंग वीस मिनिटांत आटोपली, चहा यायच्या आत. सरांची यात काही चलाखी नव्हती बरं का, हे आधी सांगते, त्यांनी मनापासून वाचून मनापासून मत दिलं होतं. फक्त ते पहिलं दिलं.

माणसं अशी का वागतात यावर सोलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक प्रयोग केला होता, मानसशास्त्र शिकलेल्यांना तोंडपाठ असेल. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, पहिलीएवढी कुठली ते सांगा. शेंबडं पोर सांगेल इतकं सोपं. पण खोलीत बसलेले बाकीचे सगळे ॲशने आधीच पढवलेले, ते एकामागून एक ठणकावून चुकीचं उत्तर देणार, आणि खरा पाहुणा शेवटून एखाददुसरा. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून घोळक्यामागे गेले. पण माझ्या दृष्टीने खरी मजा त्याच्या पुढच्या फेऱ्यांमध्ये आहे. पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी घोळक्यामागे जाण्याचं प्रमाण धाडकन खाली आलं. आणि पाहुण्याला मोठ्याने सांगायच्या ऐवजी कागदावर लिहायला दिलं तरी खाली आलं. म्हणजे आपली अक्कल शाबूत असते, ती फक्त इतरांच्या कानावर पडायला लाजते. त्या मीटिंगमध्ये एक विरोधी आवाज आणि चोवीस कागद असते तर ती वीस मिनिटांत, चहा यायच्या आत आटोपली नसती.

याच्या उलट बाजूची गोष्ट फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाची. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक बैल ठेवला होता, कापून साफ केल्यावर त्याचं वजन किती भरेल ते ओळखायची स्पर्धा, सहा पेन्सचं तिकीट. खाटीक होते, शेतकरी होते आणि निव्वळ हवशे-गवशेही होते. गाल्टनने नंतर ती तिकिटं मागवली, वाचता येण्याजोगी ७८७ निघाली. मधोमध येणारा अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८. एवढ्या बाजारबुणग्यांचा मिळून एक टक्कासुद्धा फरक नाही. गाल्टनचं सामान्य माणसाच्या अकलेबद्दल काही फार बरं मत नव्हतं म्हणे, तरी त्याने तो आकडा इमानदारीत छापला. ही गोष्ट सांगून लोक 'समूहाचं शहाणपण' वगैरे भाषणं ठोकतात, पण प्रत्येकाने आपापला आकडा आपापल्या तिकिटावर गुपचूप लिहिला होता हे सांगायचं विसरतात. त्याच माणसांना बैलाभोवती गोल उभं करून, गावातल्या सगळ्यात जुन्या खाटकाला आधी बोलायला लावलं असतं तर ७८७ आकडे निघालेच नसते, एकच निघाला असता आणि बाकीच्यांनी त्यात पाच-दहा पौंड इकडेतिकडे केले असते.

ऑफिसात आमच्याकडे ब्रेनस्टॉर्मिंगचं फार प्रस्थ. व्हाइट बोर्ड, स्टिकी नोट्स, समोसे, आणि 'देअर आर नो बॅड आयडियाज' असं म्हणून दुसऱ्या मिनिटाला मॅनेजरने स्वतःची आयडिया बोर्डवर लिहिणं. ही पद्धत जाहिरातवाल्या ॲलेक्स ऑस्बर्नने गाजवली, १९५० च्या दशकात. मग १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या लोकांनी तपासून बघितलं तर चार जण एकत्र बसून जितक्या कल्पना काढतात त्याहून जास्त आणि बऱ्या कल्पना एकेकट्या बसलेल्या चौघांच्या मिळून निघतात असं दिसलं. इतकी वर्षं झाली, समोसे काही थांबले नाहीत. पुढे १९७० च्या आसपास डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन या दोघांनी त्यावर तोडगा काढला, त्याला नॉमिनल ग्रुप टेक्निक म्हणतात, नाव घाबरवणारं आहे पण प्रकार साधा. आधी सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. मग पाळीपाळीने प्रत्येकाने एकेकच मुद्दा सांगायचा, त्यावर कोणी काही बोलायचं नाही, सगळे मुद्दे बोर्डवर आले की मग समजून घ्यायला प्रश्न, आणि शेवटी प्रत्येकाने कागदावर क्रम लावायचा. बस. ज्याला बोलायला आवडतं तो यात मनस्वी वैतागतो, यावरूनच ती चांगली आहे असं मी धरते.

टोप्यांबद्दल बोललंच पाहिजे, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. एडवर्ड डी बोनो, मूळचा माल्टाचा, शिकलेला डॉक्टर, त्याने १९८५ मध्ये एका पुस्तकात सहा टोप्यांची पद्धत मांडली. पांढरी म्हणजे फक्त माहिती, लाल म्हणजे मनात काय वाटतंय ते कारण न देता, काळी म्हणजे धोके, पिवळी फायदे, हिरवी नव्या कल्पना आणि निळी म्हणजे मीटिंग कशी चालवायची ते. यातलं गुपित रंगात नाहीये. सगळ्यांनी एका वेळी एकच टोपी घालायची, हे गुपित आहे. दहा मिनिटं सगळे मिळून फायदे शोधणार, ज्याला प्रस्ताव आवडलेला नाही तोसुद्धा, आणि पुढची दहा मिनिटं सगळे मिळून धोके, ज्याने प्रस्ताव आणलाय तोसुद्धा. म्हणजे भांडण माणसामाणसात न लागता सगळे एका बाजूला बसून कागदाकडे बघतात. आमच्या ऑफिसने काय केलं? टोप्या माणसांना वाटल्या. तू टेस्टर ना, तू काळी. कायमची. मग कुठल्याही मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की 'आली काळी टोपी' म्हणून हशा, आणि मुद्दा गेला उडत. सोसायटीत मी टोप्यांचं नावसुद्धा काढलं नाही, बिल्डरच्या आधी हीच आपल्याला टोपी घालतेय असं कोणीतरी म्हणालंच असतं. लाल टोपी मात्र मला खरंच आवडते, आपल्याकडे मोठ्या माणसांना 'मला भीती वाटते' एवढंच म्हणायची सोय कुठे असते, भीती वाटली की ते एफएसआयवर, म्हणजे किती बांधकामाला परवानगी मिळते त्यावर बोलायला लागतात.

आणि टोपीवरूनच आठवतं, त्या पुस्तकानंतर जेमतेम काही महिन्यांत एका टोपीने घात केला. २७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान उडणार, फ्लोरिडात गारठा पडलेला. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर, त्यात रॉजर बॉइजॉली, नासाला फोनवर सांगत होते की एवढ्या थंडीत रबराच्या ओ-रिंग, म्हणजे रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या कड्या, नीट बसणार नाहीत, साधारण १२ अंशांच्या खाली उडवू नका. नासाकडून तिरकस प्रश्न आले, मग उडवायचं कधी, एप्रिलमध्ये? कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, फोन बंद केला, पाचाचा अर्धा तास झाला. आत काय चाललं ते नंतर चौकशी आयोगासमोर आलं. इंजिनिअर पोटतिडकीने सांगत होते, वरिष्ठांनी ऐकून घेतलं, आणि सगळ्यात वरच्याने इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षाला सांगितलं की तुझी इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. मग मत घेतलं ते फक्त चार मॅनेजरांचं. ज्यांना ओ-रिंग कळत होती त्यांना विचारलंच नाही. अर्थात एकमत झालं! सकाळी यान उडालं आणि ७३ सेकंदांत सात माणसं गेली. माहिती त्या खोलीत होती, पुरेशी होती, कागदावर होती. मी हे ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या ट्रेनरने याला 'कम्युनिकेशन गॅप' म्हटलं होतं, मला अजून त्याचा राग येतो. गॅप कसली, बोलणं नीट पोचलं होतं, म्हणून तर बोलणाऱ्यांना मतदानातून वगळावं लागलं.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष केनेडी याचं उदाहरण याहून जरा आशादायक. एप्रिल १९६१ मध्ये क्युबावर बे ऑफ पिग्जची स्वारी केली ती तीन दिवसांत पार झोपली, चौदाशेच्या आसपास माणसं उतरवलेली. अमेरिकेतली हुशारातली हुशार डोकी त्या खोलीत होती. आर्थर श्लेसिंजर त्यातला एक, त्याने केनेडीला लेखी कळवलं होतं की हे करू नका, पण भर बैठकीत गप्प बसला आणि पुढे त्या गप्प बसण्याबद्दल स्वतःला दोष देत राहिला. अशा उदाहरणांवरूनच मानसशास्त्रज्ञ अर्विंग जेनिसने १९७२ मध्ये 'ग्रुपथिंक' मांडलं, म्हणजे एकोपा मोडू नये म्हणून गटाने शंका गिळणं, तो शब्द आता कोणीही वापरतं. पण दीड वर्षाने, ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं सापडली तेव्हा जवळपास तीच माणसं पुन्हा बसली आणि या वेळी निराळी बसली. गट पाडले, एकेका गटाने आपापला प्रस्ताव लिहिला, मग कागद अदलाबदल करून एकमेकांचे फाडले. आणि केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेलाच नाही. राष्ट्राध्यक्ष खोलीत असला की सगळे त्याच्या भुवयांकडे बघून बोलतात हे त्याला कळलं होतं. ज्यू परंपरेत तर हे फार जुनं आहे, मृत्युदंडाच्या खटल्यात सगळ्यात कनिष्ठ न्यायाधीशाने आधी मत द्यायचं, ज्येष्ठाचं ऐकून त्याची जीभ टाळ्याला चिकटू नये म्हणून.

तर मी सरांकडे गेले. एकटी, संध्याकाळी, काकड्यांचा डबा घेऊन, कारण रिकाम्या हाताने गेलं की त्यांना वाटतं मेंटेनन्सची तक्रार आहे. म्हटलं, "सर, पुढच्या मीटिंगला तुम्ही सगळ्यात शेवटी बोलाल का?" ते बघतच राहिले. "म्हणजे मी आधी बोललो की उत्तर चुकतं?"

"चुकत नाही हो सर. पण तुमची वही उघडी दिसली की बाकीचे गणित सोडवत नाहीत, उतरवून घेतात."

सर काही बोलले नाहीत. डब्यातली एक काकडी खाल्ली, मग म्हणाले, "कॉपी पकडण्यात माझी उभी हयात गेली. ठीक आहे."

पुढच्या मीटिंगला मी जे केलं त्याला प्रीमॉर्टेम म्हणतात, गॅरी क्लाइन नावाच्या संशोधकाचा प्रकार, २००७ मध्ये त्याने त्यावर लिहिलं. आपण नेहमी विचारतो, यात काही अडचण येईल का? यावर आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं, नाही नाही, होईल सगळं व्यवस्थित. कारण शुभकार्यात वाईट बोलायचं नसतं. शुभ बोल रे नाऱ्या तर म्हणे मांडवाला आग लागली, यातला नाऱ्या हा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चेष्टेचा विषय आहे, त्या मांडवाला खरंच आग लागली होती का हे कोणी उठून बघितल्याचं ऐकिवात नाही. क्लाइन म्हणतो प्रश्नच फिरवा. अडचण येईल का असं विचारू नका, सांगा की आग लागून गेलेली आहे, मांडव राख झालाय, आता का लागली तेवढं लिहा. मग अपशकुनी ठरायची भीती कोणालाच उरत नाही, उलट ज्याला जास्त सुचेल तो हुशार. सगळेच नाऱ्या.

पोस्टकार्डाएवढे कागद वाटले. म्हटलं, समजा चार वर्षं झालीत, बिल्डिंग पाडून झालीय, नवीन पाचव्या मजल्यावर अडकलीय आणि आपण सगळे भाड्याच्या घरात आहोत, काय झालं असेल ते लिहा, नाव घालू नका, दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. पहिली दोन मिनिटं नुसता पंख्याचा आवाज आणि कोणाचं तरी खोकणं. मग पेनं चालायला लागली. तिसऱ्या मजल्यावरची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी कागद गोळा करून वाचणार, असं ठरलं, म्हणजे अक्षर कोणाचं ते तिच्याशिवाय कोणाला कळणार नाही.

पहिले चार-पाच अपेक्षेप्रमाणे, परवानगी अडकली, बिल्डरच्या भागीदारांत फाटलं, वगैरे. मग एक आला, 'भाडं येणं बंद झालं. माझ्याकडे दोन महिन्यांच्या भाड्यापलीकडे काही नव्हतं, तिसऱ्या महिन्यात मी मुलीच्या सासरी राहायला गेले.' वाचणारी पोरगी थबकली. खोलीतलं सगळं कुजबुजणं थांबलं. कोणी तळमजल्याकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती, मागच्या मीटिंगला काकूंनी 'नाही, तेच आपलं' म्हणून जे गिळलं होतं ते हे होतं. त्या एका चिठ्ठीने चर्चेचा रुळ बदलला. तोवर सगळे जास्त कार्पेट कोण देतं ते मोजत होते, तिथून पुढे भाड्याची हमी कोण देतं, किती महिन्यांचं आगाऊ, गॅरंटी कुठल्या टप्प्यापर्यंत चालू राहणार, यावर आले. दुसरा एक कागद, 'सभासद मध्येच वारला, नॉमिनेशन नव्हतं, दोन भावांत कोर्टकचेरी, त्यांची सही नाही म्हणून सगळ्यांचं थांबलं.' त्यावर सेक्रेटरींनी तिथल्या तिथे कबूल केलं की बऱ्याच जणांचे नॉमिनेशनचे फॉर्म भरलेलेच नाहीत. एक चावट, 'बिल्डिंग झाली, लिफ्ट आली, जिम आली, मेंटेनन्स बघून मीच परत भाड्याच्या घरात गेलो.' सगळे हसले, आणि मग ते हसू जरा अडखळलं कारण मेंटेनन्सचा हिशोब खरंच कोणी केला नव्हता.

शेवटून दुसऱ्या चिठ्ठीत चार शब्द जास्तच सुवाच्य होते. 'अध्यक्षांचं वय झालं होतं. फाईल एकाच माणसाच्या कपाटात होती.' ते टपोरे काने आणि शेपटीवाला 'क्ष' सगळ्या बिल्डिंगीने फळ्यावर बघितलेला. पोरीने वाचलं, खाली ठेवलं, अक्षर दिसलं तरी कोणी काही म्हणालं नाही. पण त्या दिवशी तिघांची उपसमिती नेमली गेली आणि फाईल स्कॅन झाल्या.

याच्याऐवजी एखाद्याला मुद्दाम विरोधी बाजूने बोलायला नेमावं असं काही जण सुचवतात. चर्चने हे चारशे वर्षं केलं, १५८७ पासून संतपदाच्या चौकशीत हरकती काढायला एक अधिकारीच असायचा, सैतानाचा वकील म्हणून प्रसिद्ध. १९८३ मध्ये त्या पदाचा दरारा संपवला. शार्लन नेमेथ या संशोधिकेचं काम सांगतं की नेमलेल्या विरोधकापेक्षा मनापासून न पटलेला माणूस गटाला जास्त विचार करायला लावतो, आणि ते मला अगदी पटतं, नेमलेला माणूस नाटक करतोय हे सगळ्यांना माहीत असतं, तो बोलला की 'चला, हरकतीही झाल्या' म्हणून उलट निश्चिंती येते.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आदर कोणाबद्दल वाटत असेल तर तो गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाबद्दल. धानोरा तालुक्यातलं शंभरेक घरांचं गोंड गाव. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली, गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावं अनेकांनी वाचली असतील. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं अगदी पहिल्यांपैकी एक गाव, २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळवला, त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. हे सगळं बातम्यांत आलं. बातम्यांत कमी आलं ते त्यांच्या बसण्याच्या रीतीबद्दल. तिथे अभ्यास गट आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यास गटात वाट्टेल तितकं बोला, बाहेरचा जाणकार बोलवा, कायदा वाचा, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, बाया-माणसं सगळी बसून, आणि तो सर्वसहमतीने. एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं, हात वर करून त्याला हरवायचं नाही.

शहरातल्या माणसाला हे ऐकून पहिला प्रश्न पडतो, अशाने कामं कधी होणार? पण बघा ना, ज्या सभेत निर्णय घ्यायचाच नाहीये तिथे हरायची भीती नसते, त्यामुळे मत बदलणं सोपं जातं. आणि जिथे एकाचा नकारही मोजला जातो तिथे त्या एकाला आधी ऐकून घेण्यात सगळ्यांचाच स्वार्थ असतो. आपल्याकडे उलटं, अर्ध्याहून एक जास्त झाला की बाकीच्यांचं ऐकायचं कारणच संपतं.

गंमत म्हणजे सरकारी नियमातही याची थोडी जाण आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ७९अ खालचे रिडेव्हलपमेंटचे निर्देश, ४ जुलै २०१९ चे, लोक त्यांना कटकट म्हणतात. पण वाचले तर दिसतं, करायचं की नाही ही एक सभा, पीएमसीचा अहवाल हा वेगळा टप्पा, सभासदांनी सूचना लेखी द्यायच्या, बिल्डर निवडायची सभा शेवटी, तीही दोन तृतीयांश हजेरी, व्हिडिओ शूटिंग आणि निबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर, आणि ५१ टक्के संमती. ज्याने हे टप्पे पाडले त्याने बऱ्याच सोसायट्यांची भांडणं बघितली असणार. आपण काय करतो, तर ते सगळे टप्पे कागदोपत्री पार पाडतो आणि खरं ठरवणं कोणाच्या तरी हॉलमध्ये आदल्या रात्री उरकतो. तिथे कुठलीही टेक्निक लागू पडत नाही हे मान्यच करायला हवं. ज्याचं आधीच ठरलंय त्याला चिठ्ठ्या वाटणं म्हणजे टाइमपास, आणि लोकांना ते लगेच कळतं, पुढच्या वेळी कोरे कागद परत येतात.

आमच्याकडे मध्यम ऑफरवाला निवडला गेला. दोघांनी विरोधात मत दिलं, त्यांची कारणं नोंदवली, त्यातलं एक कारण इतकं वाजवी होतं की करारात एक कलम वाढलं. निर्णय बरोबर होता का ते मला विचारू नका, ते इमारत उभी राहिल्यावर बघू.

आता पुढे फ्लॅट वाटपाचा विषय आहे आणि तिथे माझी सगळी चिठ्ठीविद्या संपते. बिल्डर निवडताना सगळ्यांचं हित एकच होतं, नुसती मतं वेगळी होती, ती कागदावर उतरवली की भागत होतं. कोणाला पूर्वेचा, कोणाला बाराव्या मजल्यावरचा, यात एकाला मिळालं की दुसऱ्याचं जातं, तिथे गुपचूप लिहायला दिलं तर चोवीस कागदांवर एकच फ्लॅट येईल. लॉटरी काढावी असं बहुतेकांचं म्हणणं. पण काकूंना आयुष्य तळमजल्यावर काढल्यावर वरच्या गॅलरीत उभं राहायचीच धास्ती, तेव्हा लॉटरीच्या आधी अदलाबदलीची सोय ठेवायची की नंतर, यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून जुंपलीय, दीडशेच्या वर मेसेज झालेत, आणि सरांनी सगळे वाचलेत असं त्या निळ्या टिक्स सांगतात, टाइप मात्र अजून एक अक्षर केलेलं नाही.